गुडघ्याच्या व्यायामाची मात्रा: नागपुरातील महाल भागातल्या एका रुग्णाचे प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण ६३ वर्षांच्या आहेत. महाल भागातल्या एका जुन्या दुमजली घरात त्या मुलगा, सून आणि नातू यांच्यासह राहतात. उन्हाळ्यात कुरड्या, शेवया, सरगुंडे आणि मुगाच्या वड्या करून विकणे हा त्यांचा अनेक वर्षांचा घरगुती व्यवसाय आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत रोज कित्येक तास पाटावर बसायचे, चीक हाटायचा, सोऱ्या दाबायचा आणि वाळवणासाठी दिवसातून अनेकदा गच्चीचा जिना चढायचा-उतरायचा, असा त्यांचा हंगाम असतो. त्यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

गुडघेदुखीवर व्यायाम करावा, हे या बाईंना माहीत नव्हते असे नाही. त्यांनी आपल्या मनाने दोनदा व्यायाम सुरू केला होता आणि दोन्ही वेळा त्यांचा उजवा गुडघा सुजला होता. संधिवाताच्या रुग्णांना व्यायामाची नावे आणि चित्रे सहज मिळतात. पण तो किती करायचा, दुखले तर कुठपर्यंत चालू ठेवायचा आणि सूज आली तर पुढच्या दिवशी काय करायचे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. औषधाची गोळी देताना आपण मात्रा लिहून देतो, व्यायाम मात्र "रोज करत जा" एवढ्यावर सोडून देतो. या प्रकरणात जो फरक पडला तो मात्रा ठरवल्यामुळे पडला असे माझे मत आहे, आणि म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

तक्रार आणि आधीचे उपचार

दिवाळीनंतर त्या प्रथम तपासणीसाठी आल्या, तेव्हा दोन्ही गुडघ्यांचे दुखणे सहा वर्षांचे झाले होते आणि उजवा गुडघा अधिक त्रास देत होता. सकाळी उठल्यावर गुडघे दहा-पंधरा मिनिटे आखडलेले राहत, थोडे चालल्यावर मोकळे होत आणि बराच वेळ एका जागी बसून उठताना पुन्हा धरत. जिना उतरताना सर्वाधिक कळ येई. गुडघ्यातून कटकट आवाज येतो, याची त्यांना विशेष भीती होती. आदल्या उन्हाळ्यात त्यांना हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला होता आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावे लागले होते. ही गोष्ट त्यांनी दुखण्याच्याही आधी सांगितली.

गेल्या सहा वर्षांत त्यांनी वेदनाशामक गोळ्या, मलमे, तेलाचे मालीश, गुडघ्याचा पट्टा आणि एकदा सांध्यातले इंजेक्शन असे बरेच उपाय केले होते. "गुडघ्यांना आराम द्या" हा सल्ला त्यांना अनेकांकडून मिळाला होता आणि तो त्यांनी मनापासून पाळला होता. खालून काही आणायचे असले तर नातवाला पाठवायचे, बाजारात ऑटोने जायचे, देवळात जाणे बंद करायचे, अशा रीतीने त्यांची हालचाल वर्षागणिक आकसत गेली. या काळात त्यांचे वजन वाढले, मांड्या बारीक झाल्या आणि दुखणे कमी होण्याऐवजी थोड्या श्रमानेही येऊ लागले.

पहिला व्यायाम त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहून केला, तो वज्रासनाचा. वज्रासनात गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो आणि त्या स्थितीत शरीराचा भार त्याच्यावर येतो. ज्या गुडघ्याला काटकोनापुढे मिटायलाच अडचण आहे, त्याच्यासाठी हा आरंभ असू शकत नाही. दुसऱ्या वेळी भाच्याने त्यांच्या मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय करून दिली आणि रोज दहा हजार पावलांचे लक्ष्य ठरवून दिले. त्या फुटाळ्याला गेल्या, तलावाच्या काठाने हट्टाने चालल्या, आणि चार दिवसांनी गुडघा इतका सुजला की जमिनीवर पाय टेकवेना. दहा हजार हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला आहे. संधिवात असलेल्या माणसाने किती चालावे, याच्याशी त्याचा उगमापासूनच काही संबंध नाही.

तपासणी

व्यायाम ठरवण्यापूर्वी हा संधिवात कोणत्या प्रकारचा आहे, याची खात्री करणे आवश्यक होते. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून कमी होता, हाताच्या बोटांचे व मनगटांचे सांधे सुजलेले नव्हते, ताप किंवा अकारण वजन घटणे नव्हते, रात्री झोपमोड करणारे दुखणे नव्हते आणि गुडघा मध्येच अडकून बसत नव्हता. खुब्याच्या सांध्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते, म्हणून खुबेही तपासले. ते मोकळे होते. एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्यात झीज, ती किती आहे हे ठरवणाऱ्या केलग्रेन-लॉरेन्स पद्धतीच्या चार पायऱ्यांपैकी तिसऱ्या आणि डाव्यात दुसऱ्या पायरीची होती. दोन्ही गुडघे किंचित बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. हा वयोमानाचा, झिजेचा संधिवात होता.

त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे व दोन्हींसाठी गोळ्या चालू आहेत. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना तपासून घेतली, ती शाबूत होती. वेदनाशामक गोळ्या त्या जवळजवळ रोज घेत होत्या; उच्च रक्तदाब व मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या मूत्रपिंडांच्या दृष्टीने ही गोष्ट काळजीची असल्याने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी त्याबाबत वेगळे बोलणे केले.

वजन ७१ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, सुमारे १० अंश कमी पडत होते, आणि १०५ अंशांपलीकडे मिटत नव्हता. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यासाठी गुडघा १३० अंशांच्या पुढे मिटावा लागतो, म्हणजे पाटावर बसताना त्या सांध्यावर रोज बळजबरी करत होत्या. खुर्चीवरून उठण्या-बसण्याची चाचणी घेतली. यात सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या, बाह्या नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन अर्ध्या मिनिटात किती वेळा उभे राहता येते ते मोजतात. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजली जाते. त्यांना सहा वेळा जमले. जिना उतरतानाच्या दुखण्याला त्यांनी शून्य ते दहा या मोजपट्टीवर सहा आकडा दिला.

एक्स-रेपेक्षा या सहा उठबशांचे मला अधिक महत्त्व वाटले. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचे प्रमाण अनेकदा जुळत नाही, हे या आजारात वारंवार दिसते. हाडांच्या टोकांवरची झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा वाढत नाही, मांडीची ताकद मात्र साठीनंतरही वाढते.

वंगणाची शंका

व्यायामाचा विषय निघताच त्यांनी स्पष्ट विचारले, "गुडघ्यातलं वंगणच संपलं म्हणतात न जी. मग घासून घासून उरलंसुरलं बी जाईल, नाही का?" या प्रश्नाला पूर्ण उत्तर दिल्याशिवाय कोणताही व्यायाम टिकला नसता, म्हणून पहिल्या भेटीचा बराचसा वेळ त्यातच गेला.

सांध्यातला द्रव हा सांध्याच्या आतील पातळ अस्तरात सतत तयार होत असतो. झिजेच्या संधिवातात त्याचा चिकटपणा घटतो हे खरे, पण तो संपत नाही. उलट, गुडघा सुजतो तेव्हा आत द्रव साचलेला असतो. फुटाळ्याच्या फेऱ्यांनंतर त्यांच्या गुडघ्यात द्रव कमी नव्हता, जास्त होता. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण या द्रवातूनच होते, आणि सांध्यावर बेताचा भार पडून सुटत राहिला की द्रवाची ही आवकजावक चालते. न हलवलेल्या सांध्यात ती मंदावते. व्यायामाने गुडघा घासला जाईल या भीतीने त्यांनी जी विश्रांती घेतली होती, तिने कूर्चेचे काहीच भले झाले नव्हते.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या भागातील मोठ्या स्नायूची. गुडघ्यात द्रव साचला की या स्नायूला मिळणारी आज्ञाच मज्जारज्जूच्या पातळीवर दबते. अवघा २० ते ३० मिलिलिटर द्रवही त्याचा आतल्या बाजूचा भाग सुस्त करायला पुरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना तो तिपटीहून अधिक होतो. हा भार पेलायचा ज्या स्नायूने, तोच झोपलेला असला तर गुडघा प्रत्येक पायरीवर आदळतो. म्हणून सूज येईल इतका व्यायाम हा आपल्याच हेतूच्या विरुद्ध जातो, आणि अजिबात व्यायाम न करणे हेही तसेच. या दोन टोकांमध्ये त्यांच्या गुडघ्याला सोसणारी जागा शोधायची, एवढे काम आपल्यापुढे आहे, असे त्यांना सांगितले.

मात्रेचे सूत्र

त्यासाठी एकच नियम घालून दिला आणि तो सुनेलाही समजावला, कारण पाळणूक घरात होणार होती. व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखले तर चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना दुखणे व सूज आदल्या सकाळी होती तेवढीच असली पाहिजे. तेवढीच असेल, तर मात्रा बरोबर आहे. वाढलेली असेल, तर त्या दिवशी व्यायाम निम्मा करायचा. बंद करायचा नाही. तीन-चार सकाळी ओळीने सुखाच्या गेल्या, तर थोडा वाढवायचा आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, म्हणजे त्रास झाला तर तो कशाने झाला हे कळते.

हा नियम मला सगळ्या व्यायामांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यामुळे रुग्णाला दर वेळी डॉक्टरकडे धावावे लागत नाही आणि दुखणे म्हणजे इजा, हा मनात बसलेला हिशेबही सुटतो. या बाईंना तो पटकन पटला. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो, रोज पाणी बदलावे लागते आणि घाई केली तर चीक नीट निघत नाही, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या; स्नायूचेही तसेच, त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात, असे म्हटल्यावर त्यांनी पुन्हा कधी "किती दिवसांत बरं होईल" असे विचारले नाही.

पहिले सहा आठवडे

सुरुवातीचे बहुतेक व्यायाम दिवाणावर करायचे होते. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच सेकंद धरायची आणि सोडायची, असे दहा वेळा. त्यानंतर टाच गादीवरून सरकवत गुडघा सोसेल तेवढा मिटायचा आणि पुन्हा लांब करायचा. मग एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ ठेवून दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलायचा. दुमडलेल्या पायामुळे कंबरेवर ताण येत नाही, म्हणून ही बारीकसारीक वाटणारी सूचना वगळून चालत नाही. शेवटी खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा आणि सावकाश खाली आणायचा. रक्तदाब असल्याने कोणत्याही वेळी श्वास रोखायचा नाही. त्यासाठी त्यांना आकडे मोठ्याने मोजायला सांगितले आणि ती मोजणी नातवाने आनंदाने आपल्याकडे घेतली.

वेळ ठरवताना घराच्या दिनक्रमाकडे पाहिले. "सकाळी अर्धा तास काढा" असे सांगितले असते तर तो अर्धा तास त्या घरात कधीच सापडला नसता. म्हणून अंथरूण सोडण्याआधी पहिले दोन व्यायाम, सकाळच्या चहानंतर उरलेले दोन, आणि संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लावल्यावर सगळे एकदा, अशी विभागणी केली. डिसेंबरच्या थंडीत सकाळचा आखडलेपणा वाढला, तेव्हा आधी दहा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेऊन मग सुरुवात करायची, एवढाच बदल केला.

चालणे पाच मिनिटांपासून सुरू केले. घरासमोरची गल्ली चढउताराची आणि फरशी उखडलेली असल्याने मुलगा त्यांना चिटणीस पार्कच्या बाजूच्या सपाट रस्त्यापर्यंत सोडत असे. सपाता सोडून मागे बंद असलेली, मऊ तळाची पादत्राणे घ्यायला लावली. पाच मिनिटे चालून बसायचे, बरे वाटले तर आणखी पाच. दहा हजार पावलांनंतर हे त्यांना फारच थोडे वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. परंतु सहाव्या आठवड्यात त्या सलग पंधरा मिनिटे चालत होत्या आणि दुसऱ्या सकाळी गुडघा शांत होता.

याच काळात शेजारच्या एका बाईंनी त्यांचा कागद पाहून तेच व्यायाम सुरू केले आणि त्यांचे दुखणे वाढले. त्यांना भेटल्यावर दिसले की दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते आणि सकाळचा आखडलेपणा दोन तास टिकत होता. हे आमवाताचे लक्षण होते. तेथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते आणि तो आटोक्यात आणणारी औषधे लवकर सुरू होणे सर्वात महत्त्वाचे असते, म्हणून त्यांना आधी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. आमवातातही व्यायाम हवाच. पण सांधे पेटलेले असताना तो हलक्या हालचालींपुरता आणि स्नायू जागच्या जागी आवळण्यापुरता ठेवतात, आणि मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी झाल्याशिवाय शीर्षासनासारखे किंवा मान जोराने वाकवणारे प्रकार टाळतात. एकाचा कागद दुसऱ्याने वापरू नये, तो यासाठी.

संक्रांतीनंतरची सूज

जानेवारीत दुसरा टप्पा सुरू झाला होता. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची आणि हातांचा आधार न घेता उठायचे-बसायचे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, तसेच उभे राहून पाय बाजूला न्यायचा, हे व्यायाम त्यांना जमू लागले होते. पाय बाजूला नेण्याने खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना बळ येते आणि चालताना शरीर एका बाजूला कलत नाही. गुडघेदुखीत या स्नायूंकडे फार दुर्लक्ष होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात मात्र त्या एका दुपारी बऱ्याच घरी गेल्या, प्रत्येक ठिकाणी सतरंजीवर बसल्या-उठल्या, दोन इमारतींचे जिने चढल्या. दुसऱ्या सकाळी उजवा गुडघा फुगलेला होता. आधीच्या दोन्ही प्रसंगांचा अनुभव असल्याने घरात सर्वांचे मत "आता व्यायाम बंद" असे पडले. सुनेचा फोन आला तो हेच विचारण्यासाठी: "मॅडम, आईंना आता काही दिवस झोपूनच राहू द्यायचं ना?"

या प्रसंगी काय केले ते तपशिलाने सांगणे योग्य होईल, कारण माझ्या मते प्रकरणाचा कल येथेच फिरला. गुडघा लाल किंवा गरम नव्हता, ताप नव्हता आणि पाय टेकवता येत होता, त्यामुळे सांध्यातील संसर्गाची शंका उरली नाही. तशी शंका असती तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे भाग होते. पहिले तीन दिवस उभ्याचे सर्व व्यायाम थांबवले, पण गुंडाळी दाबणे, टाच सरकवणे आणि पावले वरखाली करणे दिवसातून तीन-चार वेळा चालू ठेवले. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी दहा-पंधरा मिनिटे लावला. चालणे घरातल्या घरात, पण दर तासाला थोडे. चौथ्या दिवशी खुर्चीचा व्यायाम निम्म्या संख्येने परत आणला आणि आठवड्याच्या शेवटी त्या पूर्वीच्या मात्रेवर होत्या. आधीच्या सुजेनंतर त्या कित्येक आठवडे अंथरुणाला धरून राहिल्या होत्या आणि उठल्या तेव्हा आधीपेक्षा दुबळ्या झाल्या होत्या. या वेळी सूज आली आणि गेली, ताकद मात्र जागेवर राहिली. व्यायामाने गुडघा बिघडतो हा त्यांचा समज कोणत्याही समजावणीने गेला नव्हता, तो या आठवड्याने गेला.

कामाची मांडणी

हंगाम जवळ आल्यावर प्रश्न व्यायामापुरता राहिला नाही. तासन्तास पाटावर बसणे चालू राहिले असते, तर दिवसातल्या वीस मिनिटांच्या व्यायामाने काय साधणार होते? त्यामुळे एका दुपारी त्यांच्या घरी जाऊन कामाची जागा पाहिली. चीक हाटण्याची शेगडी जमिनीवर होती, ती विटांच्या भक्कम चौथऱ्यावर घेतली, म्हणजे उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून हाटता येईल. कुरड्या गच्चीवर जमिनीला अंथरलेल्या प्लास्टिकवर घातल्या जात. त्याऐवजी दोन बाजा गच्चीवर नेऊन त्यांवर कापड अंथरले, त्यामुळे उकिडवे बसणे सुटले. सोऱ्या दाबण्याचे काम आलटून पालटून सुनेकडे दिले. जिन्याला एका बाजूने लोखंडी कठडा बसवला आणि चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पाडला. गच्चीवरच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून सामान वर नेण्याचे काम नातवाकडे गेले. शौचालयात कमोडची सोय केली. या सगळ्यात सर्वाधिक खर्च कठड्याला आला.

काठी वापरायला त्या तयार नव्हत्या. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरली की भार बराच कमी होतो, हे सांगून पाहिले. लोक काय म्हणतील ही अडचण होती आणि तिचा मान राखून विषय सोडून दिला. पाण्यातील व्यायामही त्यांच्यासाठी चांगला ठरला असता, कारण कंबरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे सुमारे निम्मेच वजन येते; पण तरणतलावावर जाणे त्यांना रुचणारे नव्हते.

वजनाबाबत एकच आकडा सांगितला, आणि तो कामी आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे दिसले होते. रात्रीच्या जेवणात पोळ्या कमी करून वरण आणि भाजी वाढवणे, दुपारच्या चहातली साखर आणि सोबतचा चिवडा सोडणे, इतकेच बदल त्यांनी केले. मधुमेहासाठीही ते हवेच होते.

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचे ऊन हा स्वतंत्र विचार करण्याचा विषय होता. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे आणि ४४-४५ अंशांचे दिवस तर बहुतेक वर्षी येतातच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या साठीपुढच्या व्यक्तीने अशा हवेत दिवस वर आल्यावर चालायला जाऊ नये. चालणे पहाटे सहाच्या आत उरकायचे, त्या वेळी जमले नाही तर कूलर लावलेल्या खोलीत दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारायच्या आणि सोबत पाणी ठेवायचे, असे ठरले. वाळवणाचे काम सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, असे दोन भागांत केले. तिसऱ्या टप्प्याचे व्यायाम, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर चढणे-उतरणे आणि रबरी पट्ट्याच्या विरोधात पाय सरळ करणे, हे याच खोलीत आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड होत असत. स्नायूला वाढायला मधला दिवस लागतो.

हंगामाअखेरची मोजमापे

मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा मोजणी केली. अर्ध्या मिनिटात सहाऐवजी अकरा वेळा उठता आले. जिना उतरतानाचे दुखणे सहावरून तीनवर आले. उजवा गुडघा सरळ होण्यात १० ऐवजी ३ अंशांची उणीव राहिली आणि तो ११५ अंशांपर्यंत मिटू लागला. वजन साडेतीन किलोंनी घटले. वेदनाशामक गोळी रोजची राहिली नाही, श्रमाच्या एखाद्या दिवशी घ्यावी लागते, आणि एरवी मलमावर भागते. हंगाम त्यांनी पूर्ण केला. माल मात्र पूर्वीपेक्षा कमी घेतला, आणि तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

जे बदलले नाही तेही नोंदवले पाहिजे. गुडघ्यांचा वाकडेपणा आहे तसाच आहे. मांडी घालून बसता येत नाही आणि बहुधा येणारही नाही. पूजेला त्या आता खुर्चीवर बसतात आणि प्रारंभी याचे त्यांना फार वाईट वाटले. अकरा हा आकडा अजूनही बाराच्या आत आहे. या विषयावरील अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या अहवालात व्यायामाने शंभरपैकी सुमारे बारा गुणांनी वेदना घटते असे आढळले होते, म्हणजे सरासरी लाभ मध्यम स्वरूपाचा आहे, आणि व्यायाम सुटला की तोही हळूहळू ओसरतो. या बाईंना सरासरीहून अधिक लाभ झाला, त्यात घरच्यांच्या साथीचा आणि कामाच्या बदललेल्या मांडणीचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे एका प्रकरणावरून वेगळे काढता येणार नाही.

शस्त्रक्रियेचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे आणि योग्य वेळी ती टाळू नये. रात्रीची झोप मोडू लागली, घरातल्या घरात चालणेही अशक्य झाले किंवा एवढे सगळे करूनही दुखणे दैनंदिन जगण्याच्या आड येऊ लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचे, असे लिहून दिले आहे. तोपर्यंत कमावलेली मांडीची ताकद शस्त्रक्रियेनंतर उभे राहतानाही त्यांच्याच उपयोगी पडेल.

पावसाळ्यात महालातल्या गल्ल्या निसरड्या होतात, म्हणून चालणे घरात आणि जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्यांवर आणले आहे. बळाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस कायम आहेत. डाव्या गुडघ्याने उजव्याइतकी प्रगती केलेली नाही, कारण दुखत नव्हता म्हणून त्याचे व्यायाम मधून मधून गाळले गेले. आता दोन्ही पायांची संख्या सारखी ठेवली आहे. गणपती-महालक्ष्मीच्या आधी पुढची मोजणी होईल आणि पायरीची उंची १० वरून १५ सेंटिमीटर करायची की नाही, ते दोन्ही गुडघ्यांच्या त्या आठवड्यातल्या सकाळी पाहून ठरेल.